दोन ओहमचा प्लग

उमाठे सरांच्या खिशाला पेन नसायचं, टेस्टर असायचा. लाइनमन वापरतात तसला, पिवळ्या मुठीचा, आत बारीक दिवा असलेला. उत्तर चुकलं की सर बाकापाशी येत, टेस्टरचं टोक पोराच्या कपाळाच्या मधोमध ठेवत, मुठीवर अंगठा दाबत आणि वर्गाला विचारत, "लागला का दिवा?"

"नाही सर."

"मंग करंट आहे का याच्यात?"

"नाही सर."

"बस खाली. खांब आहेस तू. सिमेंटचा."

वर्ग हसायचा. मागच्या आठवड्यात ज्याच्या कपाळाला टेस्टर लागलेला असे, तो सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं असतील. सौंसरच्या शाळेत अकरावी-बारावीला उमाठे सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. राहायचे पांढुर्ण्याला. रोज सकाळच्या बसनं येत आणि संध्याकाळच्या बसनं परत जात. आमचं राज्य हिंदीचं, त्यामुळे पुस्तक हिंदीत होतं, परीक्षा हिंदीत होती, शिव्या तेवढ्या आपल्या बोलीत. त्यामुळे शिव्या जास्त समजत.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं. "बाप काय करते?"

"शेती."

"आजा?"

"शेतीच."

"मंग तू इथं काऊन आला? रस्ता चुकला का?"

मी म्हटलं, "शिकाले आलो सर." आमच्या घरात सातवीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी पुढे बी.एस्सी. झालो. उमाठे सरांमुळे झालो असं गावातले लोक म्हणतात. मी म्हणतो, मी माझ्या अभ्यासानं झालो. पण एक कबूल करतो. विजेबद्दल जे काही मला नीट समजलं, ते त्याच माणसाकडून. कॉलेजात नव्यानं काही शिकावं लागलं नाही.

सरांनी प्रत्येकाला पदार्थाचं नाव दिलेलं होतं. हजेरी नावानं घ्यायचे, बोलायचे पदार्थानं. कापसाच्या व्यापाऱ्याचा गोरा मुलगा होता, तो ॲल्युमिनियम. "दिसते चमकदार, दोन-तीनदा वाकवला की तुटते." चटकन रागावणारा एक जण होता तो नायक्रोम, म्हणजे शेगडीची तार. त्याला मुद्दाम डिवचायचे आणि त्याचे कान लाल झाले की म्हणायचे, "पाहा, तापली. हिच्यावर आता चहा ठेवा." मागच्या बाकावरची सगळी रांग एबोनाइट, तिच्यातनं काहीच जात नसे. मी लोखंड. "चालते. पण ओल लागली का गंजते. संभाळून राह्य." मला राग यायचा. राग आला तरी मी नायक्रोम झालो नाही, हे त्यांनी एकदा बोलून दाखवलं होतं.

वर्गात एकच चांदी होती. निर्मला. रामाकोन्याच्या बापूरावांची मुलगी. संत्र्याचा बगिचा असलेलं घर. चाळीस पोरांत ती एकटी पोरगी, पहिल्या बाकावर एकटी बसायची. सर म्हणत, चांदीइतकी धारा, म्हणजे करंट, दुसरं कोणीच वाहून नेत नाही, तांबंसुद्धा नाही. निर्मलाचा चेहरा फुलला की लगेच पुढचं वाक्य यायचं. "पण चांदीच्या तारा कोणी खांबावर टाकत नाही. ते डब्यात ठेवाची वस्तू आहे." तिचा चेहरा उतरला की सर फळ्याकडे वळत.

त्यांच्याकडे जुन्या टेलिफोनातलं हातानं फिरवायचं यंत्र होतं. भंगारातनं आणलेलं. वर्षातून एकदा ते बाहेर निघे. सगळ्या वर्गानं व्हरांड्यात हातात हात धरून उभं राहायचं, रांगेच्या दोन टोकांच्या पोरांनी यंत्राच्या दोन तारा धरायच्या आणि सर दांडा फिरवायचे. वरच्या वर्गातल्या पोरांनी आधीच घाबरवून ठेवलेलं असे, त्यामुळे रांग लागताना मारामारी व्हायची. सगळ्यांना मधे उभं राहायचं असे. समजूत अशी की करंट पहिल्या पोराला जोरात बसेल, दुसऱ्याला जरा कमी, मधे येईस्तोवर संपून जाईल. दांडग्या पोरांनी मधली जागा घेतली आणि एका किडकिडीत पोराला ढकलत ढकलत टोकाला नेऊन तार त्याच्या हातात कोंबली. तो रडत होता. सर सगळं पाहत होते.

मग त्यांनी दांडा फिरवला. रांग एकदम किंचाळली. टोकाचा ओरडला तेवढाच मधला ओरडला, मधले तर जास्तच, कारण त्यांनी तयारी ठेवली नव्हती.

सरांनी पुन्हा फिरवला. आणि आणखी एकदा. नंतर रुमालानं हात पुसत म्हणाले, "करंट रस्त्यात संपत नसते, गाढवायनो. एकच रस्ता असला तर पह्यल्याच्या अंगातनं जेवढा जाते तेवढाच शेवटच्याच्या. याले रडवून काय भेटलं तुमाले?"

किडकिडीत पोराला वाटलं सर आपल्या बाजूनं बोलले. तो डोळे पुसून हसला. सर त्याला म्हणाले, "तू काऊन हसून राह्यला? तुले तर त्यायच्याइतकीच अक्कल आहे. तू पण मधीच जात होता."

हा धडा मी जन्मात विसरणार नाही. अजूनही चांगली शिकलेली माणसं म्हणतात की बल्बनं करंट खाल्ला. खात नाही. जेवढा आत जातो तेवढाच बाहेर निघतो.

उमाठे सर शिकवण्या घेत नसत. कोणाकडून काही घेत नसत. मोसमात पालक संत्र्यांची पिशवी घेऊन येत, तर सर एक संत्रं तिथंच सोलून एक फोड तोंडात टाकत, म्हणत, "आंबट आहे," आणि पिशवी परत देत. ज्याचा बगिचा असे त्याला ते फार लागे. आमच्या भागात माणसाला शिवी द्या चालेल, त्याच्या संत्र्याला आंबट म्हणू नका.

पांढुर्ण्यात त्यांच्या गल्लीत एका वर्षी गणपती मंडळानं खांबावरून मंडपात वीज ओढली. माझी मावशी त्याच गल्लीत राहायची, मी तिथं सणाला गेलेलो. वायर घंटीला लावतात तसली बारीक, आणि लांब. तिच्यावर मोठे दिवे, पंखे, भोंगा. उमाठे सर बाहेर आले, दोन बोटांत वायर धरून पाहिली आणि मंडळाच्या अध्यक्षाला म्हणाले, "तार जितकी लांब तितका रोध जास्त. जितकी बारीक तितका जास्त. एवढा करंट हिच्यातनं ओढसान तर तापन आणि पेटन. जाड वायर आना."

अध्यक्ष म्हणाला, "गुरुजी, बाप्पा पाहून घेते सगळं."

"एकदा मी सांगतो," सर म्हणाले. "दुसऱ्यांदा तार सांगते."

त्यांनी घरातून खुर्ची आणली आणि मंडपासमोर बसून शेंगा खाऊ लागले. लोकांना वाटलं आरतीला बसले. आरती अर्ध्यात आली तेव्हा वायरवरचं प्लॅस्टिक वितळून थेंब थेंब पडायला लागलं, एक थेंब झालरीवर पडला आणि झालर भसकन पेटली. बाया लेकरं उचलून पळाल्या. कोणीतरी बादली घेऊन धावलं. सर बसल्या जागेवरून ओरडले, "पानी नको! आधी खांबावरून तार काढा! माती टाका माती!" त्यांचं ऐकलं म्हणून कोणी मेलं नाही. मूर्तीची एक बाजू काळी पडली. सरांनी टरफलं ओंजळीत गोळा केली आणि खुर्ची उचलून घरात गेले.

त्या आठवड्यात त्यांच्या घराच्या कौलांवर रोज दगड पडले. पांढुर्ण्यात दगड शोधावा लागत नाही, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं दगडफेकीचा खेळच असतो. सरांनी फुटलेली कौलं बदलली नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते भिजलेल्या पुस्तकांतून शिकवत होते, पानं एकमेकांना चिकटलेली.

आता निर्मलाचं सांगतो. हे सगळं लिहायला मी तिच्यासाठीच बसलो.

बापूरावांनी तिला शब्द दिला होता. बारावी एका दमात पास झाली तर नागपूरला कॉलेजात पाठवतो, एका जरी विषयात राहिली तर मे महिन्यात लग्न. स्थळ पाहून ठेवलेलं होतं, पांढुर्ण्याचं, किराण्याचं दुकान. हे तिनंच सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, हसत हसत, कारण नापास होण्याची तिला भीती नव्हती. प्रात्यक्षिकाची तर कोणालाच नसे. बाहेरून परीक्षक येत, त्यांना जेवण घातलं जाई, आणि सगळे पास होत. सगळीकडे तीच रीत होती. आमच्या शाळेत उमाठे सर होते.

सरांचे प्रयोगशाळेत दोन नियम. पहिला, पितळ कोरडं आणि स्वच्छ पाहिजे. जुलैच्या पहिल्या तासाला ते सांगत आणि पुन्हा कधी सांगत नसत. दुसरा, इथं पूजा नाही. आदल्या वर्षी दसऱ्याला एका पोरानं ॲमीटरला हळदकुंकू वाहिलं होतं. सरांनी त्याला ते सगळ्यांसमोर जिभेनं चाटून पुसायला लावलं. तो मुलगा पुढे शाळेत आला नाही.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी निर्मला आईबरोबर जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेली आणि तेलात कालवलेला शेंदूर पुडीत घेऊन आली. आमच्याकडे नव्या बैलगाडीला, मोटरपंपाला, शिलाई मशीनला शेंदराचं बोट लावल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. परीक्षेच्या दिवशी, प्रयोग सुरू करण्याआधी, तिनंही लावलं. पण पेटीवर लावलं तर सरांना दिसेल. म्हणून तिनं काय केलं, रोधपेटीचा एक प्लग उपसला, त्याच्या बुडाच्या पितळाला शेंदूर लावला आणि परत भोकात बसवला. टिळाही झाला, कोणाला दिसलाही नाही.

रोधपेटी म्हणजे एक लाकडी पेटी. वर पितळेचे ठोकळे, त्यांच्या मधल्या भोकांत पितळी प्लग. प्लग घट्ट बसलेला असला की धारा पितळातनं सरळ निघून जाते, रोध जवळजवळ शून्य. प्लग काढला की तिला पेटीतल्या तारेच्या वेटोळ्यातनं जावं लागतं, मग तेवढा रोध लागतो. कोणी दोन ओहमचा काढतो, कोणी पाचचा. त्याच्याशी तुलना करून अनोळखी तारेचा रोध काढायचा. निर्मलानं शेंदूर लावला तो दोन ओहमचा प्लग होता. आता तो बसवलेला असला तरी पितळाला पितळ भिडत नव्हतं, मधे तेलाचा पापुद्रा. कागदावर शून्य, आणि खरं म्हणजे त्या भोकात दुसराच एक रोध येऊन बसलेला, ज्याचं माप कोणालाच माहीत नाही.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर होतो. तिनं दोनचा प्लग काढून वाचन घेतलं, ते बरोबर आलं. तो परत बसवून पाचचा काढला, तर भलतंच आलं. तार तीच, मग रोध दर वेळी वेगळा कसा? तिनं प्लग दाबले. दाबले की काटा हलायचा, सोडले की पुन्हा हलायचा. तिच्या मानेवर घाम आला. तिनं सगळी जोडणी सोडून पुन्हा केली. जोडणी बरोबरच होती.

सर फेऱ्या मारत तिच्या मागे येऊन थांबले. वाकले. नाकानं हवा ओढली.

"सर," ती म्हणाली, "रीडिंग जुळून नाही राह्यलं."

"हं."

"सर, पेटी खराब आहे का?"

"पेटी मी काल तपासली." सर सरळ झाले. "तेलाचा वास येऊन राह्यला. कोणी भजे आणले का?" आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

पोरं हसली. निर्मला हसली नाही. तिला त्या क्षणी समजलं असतं तर? वेळ होता. एक रुमाल पुरे होता. पण ती इतकी घाबरली होती की तिला एकच कळलं, सरांना वास आला. ती प्लगला हातच लावेना. उलट अंग पुढे झुकवून पेटी झाकून बसली.

वेळ संपली. परीक्षक छिंदवाड्याकडचे, मऊ माणूस. तिची वही पाहून म्हणाले, "उमाठेजी, लड़की है. मौखिक में सब सही बताया है. जाने दीजिए."

"लड़की का ओहम अलग होता है क्या?" सर म्हणाले.

नंतर त्यांनी सगळ्यांना तिच्या टेबलाभोवती बोलावलं. तिला खुर्चीवरून उठू दिलं नाही. दोन ओहमचा प्लग उपसून उंच धरला. बुडाला केशरी गोल. सरांनी तो कपड्यानं पुसला, भोक पुसलं, प्लग पिळून घट्ट बसवला आणि तिचंच वाचन पुन्हा घेतलं. काटा बरोबर जागेवर येऊन थांबला. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. तिन्ही वेळा तारेचा रोध तोच.

"पाहून घ्या," ते म्हणाले. "याले म्हंतात जोडाचा रोध. पुस्तकात दोन ओळी आहे. अर्ध्या गावचे दिवे याच्यानंच मिणमिणतात. तार चांगली, बल्ब चांगला, जोड खराब. आज फुकटात दिसला, जन्मभर ध्यानात ठेवसान."

ठेवला. सगळ्यांनी ठेवला. मी आजही घरातलं कुठलंही जोडकाम आधी पितळ घासून करतो. निर्मला मधे बसली होती, दोन्ही तळहात मांडीवर उताणे. उजव्या बोटाला अजून शेंदूर होता.

प्रात्यक्षिकात ती नापास झाली. लेखी परीक्षेत वर्गात पहिली आली होती.

मे महिन्यात रामाकोन्याला लग्न लागलं. आम्ही वर्गातली सगळी पोरं गेलो. उमाठे सर येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. ते भर उन्हात बसमधून उतरले, धुवट पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. बापूरावांनी धावत जाऊन त्यांना पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं, पाटासमोर स्वतः समई सरकवली आणि बुंदीचं ताट घेऊन स्वतः वाढायला लागले. मी दोन पानं सोडून बसलो होतो.

"घ्या गुरुजी. आज तुमचा मान पह्यला."

"माझा कायचा मान?"

बापूराव खाली वाकले. आवाज बारीक केला, पण आनंदात माणसाचा आवाज बारीक होत नाही. "तुमच्यानंच तं झालं हे. मी पोट्टीले शब्द देऊन बसलो होतो. पास झाली असती तं नागपूरले पाठवा लागत होतं. सारा गोतावळा मले हसत होता. रातची झोप गेली होती माझी. तुमी मोकळं केलं मले, गुरुजी. देवमानूस हाय तुमी."

सरांच्या हातात बुंदीचा घास होता. तो तसाच राहिला. दोन वर्षांत मी त्या माणसाचा चेहरा शेकडो वेळा पाहिला होता, टेस्टर लावताना, दांडा फिरवताना, आणि तो कधीच बदलला नव्हता. आता बदलला. वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, मला तसा अधिकार नाही. गणित बरोबर मांडलं आणि उत्तर दुसऱ्यानंच पळवलं, अशा माणसासारखं ते दिसलं.

त्यांनी घास ताटात ठेवला. हात धुतला. पंगत उठायच्या आधी उठू नये, ही साधी रीतही पाळली नाही, आणि सरळ मांडवात गेले. नवरा-नवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत फिरत होते. सर त्यांच्या वाटेत उभे राहिले आणि सासरच्या सगळ्या माणसांसमोर मोठ्यानं म्हणाले, "निर्मला. पूरक परीक्षा आहे. एकाच विषयाची आहे. बसशील का?"

सासरा हसला. जाडजूड, चांगल्या स्वभावाचा माणूस. "गुरुजी, आता तिची परीक्षा आमच्या घरी." सगळा मांडव हसला. नवरासुद्धा हसला, काय चाललं आहे हे न कळून.

निर्मलाच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या, चेहरा नीट दिसत नव्हता. आवाज तिचाच होता, तोंडी परीक्षेत असायचा तसा.

"सर, तुमी पाह्यलं होतं ना?"

"हो."

"टेबलापाशी आले तवाच?"

"त्याच्याही आधी. तू पुडी सोडली तवा."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"जुलैत सांगतलं होतं," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आमच्यासमोर अनेकदा म्हटलेलं होतं. या वेळी ते खाली पाहून म्हणाले.

"मंग आता काय पाहाले आले?"

मागून कोणी बाई म्हणाली, "पाया पड वं बाई, पुढं चाल, लय लोकं रांगेत हायेत." निर्मला वाकली. सरांनी पाय मागे घेतले. तिनं तिथंच जमिनीला हात लावला, हात कपाळाला नेला आणि नवऱ्याच्या मागे पुढच्या म्हाताऱ्याकडे सरकली.

वाजंत्री सुरू झाली. बापूराव ताट घेऊन शोधत होते, गुरुजी कुठे गेले म्हणून. गुरुजी सौंसरच्या रस्त्याला लागले होते. बसला अजून बराच वेळ होता, आणि बाभळीची सावली सोडली तर त्या रस्त्याला काहीच नाही. ते सावलीत थांबले नाहीत. डोक्याचा रुमाल मांडवातच राहिला होता. तो घेऊन मी थोडा पुढे गेलो, हाक मारली. त्यांनी ऐकली असावी, कारण चाल वाढवली.